पिशोरच्या रस्त्यावरील मधमाशी

पिशोर हे कन्नड तालुक्यातील एक मोठे गाव. तेथून आसपासच्या गावांना जाण्यासाठी जी तीनचाकी गाडी मिळते, तिला सारे ‘ॲपे’ म्हणतात. माणसे दाटीवाटीने बसतात, पायांशी पिशव्या आणि पोती असतात. परंतु या नावाचा अर्थ काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. इंग्रजी शिकणारा मुलगा गाडीवरील अक्षरे वाचून ‘माकड’ असा अर्थ लावील. पण तो शब्द इटालियन आहे, आणि त्याचा अर्थ मधमाशी!

इटलीतील पोंतेदेरा या गावी पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने तो उद्ध्वस्त झाला. 1945 साली युद्ध संपले, तेव्हा विमानांना मागणी उरली नव्हती. हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. रस्ते उखडलेले आणि लोकांच्या हाती पैसा थोडा. अशा वेळी मालक एन्रिको पियाजिओ यांनी स्वस्त, साधे वाहन बनविण्याचे ठरविले आणि ते काम कोरादीनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याकडे सोपविले.

या गृहस्थांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळीच्या वंगणाने कपडे मळतात, चाक काढणे जिकिरीचे असते आणि बसावयाचे तर टांग टाकूनच! त्यांनी एकेका तक्रारीवर उपाय शोधला. इंजिन मागील चाकालगत बसवून साखळीच काढून टाकली. पुढील चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. त्यामुळे ते चटकन निघू लागले. समोर पत्र्याची ढाल बसविली आणि पाय ठेवण्यास मोकळी जागा ठेवली. आपल्याकडील धोतर-लुगडे नेसणाऱ्यांचीही त्यामुळे पुढे केवढी सोय झाली! 1946 साली ही स्कूटर बाजारात आली. मध्ये बारीक, मागे फुगीर असा तिचा आकार पाहून पियाजिओ यांना गांधीलमाशी आठवली, असे सांगतात. इटालियन भाषेत गांधीलमाशीस ‘व्हेस्पा’ म्हणतात; तेच नाव तिला मिळाले.

1948 साली याच स्कूटरला मागे दोन चाके व माल ठेवण्याची पेटी जोडण्यात आली. ओझे वाहणाऱ्या या गाडीला कष्टाळू मधमाशीचे नाव शोभून दिसले.

पुढे बजाज कंपनी पियाजिओच्या सहकार्याने भारतात स्कूटर व रिक्षा बनवू लागली. तो करार 1971 साली संपला. त्यानंतर बजाजची ‘चेतक’ आली, आणि 1985 साली वाळूज येथे त्या कंपनीचा कारखानाही उभा राहिला. मधमाशी मात्र आपल्या मूळ नावाने परतली ती 1999 च्या सुमारास, पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यातून. प्रवासी ॲपेच्या चालकासमोर पाहावे: मोटारीसारखे गोल चाक तेथे नसते, तर स्कूटरचे हँडल असते.