बिनतारी जाळ्यातील अनधिकृत उपकरणांचा शोध व ओळख

प्रस्तावना :
तारेने जोडलेल्या संगणक-जाळ्यात शिरण्यासाठी इमारतीत प्रवेश करून केबल जोडावी लागते. वाय-फायच्या बाबतीत हे बंधन राहत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने सोयीखातर स्वस्तातला राउटर आणून टेबलाखालील सॉकेटला जोडला, तर संस्थेच्या फायरवॉलला वळसा घालणारा मार्ग इमारतीबाहेरील व्यक्तीसही खुला होतो. परवानगीवाचून जोडलेल्या अशा उपकरणास अनधिकृत ॲक्सेस पॉइंट म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे दुष्ट हेतू नसतो, परंतु त्यामुळे धोका कमी होत नाही.

शेजारी की घुसखोर?
प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सर्वसाधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'बीकन' नावाचा संदेश प्रसारित करतो. त्यात जाळ्याचे नाव, ४८ बिटांचा पत्ता आणि सुरक्षेचा प्रकार असतो. संवेदकांनी हे संदेश ऐकावेत व अधिकृत उपकरणांच्या यादीशी ताडून पाहावेत, ही शोधाची प्राथमिक रीत होय. मात्र दाट वस्तीतील इमारतीत शेजारच्या कार्यालयांचे व घरांचे कितीतरी ॲक्सेस पॉइंट ऐकू येतात. ते यादीत नसतात, पण म्हणून घुसखोरही ठरत नाहीत. खरा प्रश्न असा की, संशयित उपकरण संस्थेच्या तारेला जोडलेले आहे काय?

याचे उत्तर हवेत नव्हे, तारेत शोधावे लागते. तारेच्या जाळ्यात ठराविक लांबीची खूण-पॅकेट्स सोडली जातात आणि ती संशयित उपकरणातून हवेत उमटतात का, हे संवेदक पाहतो. मजकूर कूटबद्ध असला तरी लांबीवरून खूण ओळखता येते. पुण्यात संशोधन-विकास केंद्र असलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीने (२०१६ पासून मोजो नेटवर्क्स, २०१८ मध्ये अरिस्टाकडून संपादित) या क्षेत्रात उल्लेखनीय काम केले. संशयित उपकरण राउटर म्हणून काम करीत असेल, तर ही पॅकेट्स पलीकडे जात नाहीत. अशा वेळी स्विचमधील पत्त्यांची नोंद उपयोगी पडते. कारण एकाच उपकरणाचे तारेकडील व हवेतील पत्ते पुष्कळदा एकदोन अंकांनीच भिन्न असतात.

तोतया जाळे :
अधिकृत जाळ्याचे नाव व पत्ता दोन्ही नक्कल करणारे उपकरण अधिक घातक असते. ते संस्थेच्या तारेला जोडलेले असेलच असे नाही, म्हणून वरील कसोटी येथे अपुरी पडते. मात्र प्रत्येक उपकरण आपल्या संदेशांना ० ते ४०९५ असे चढते क्रमांक देते. एकाच पत्त्यावरून दोन उपकरणे बोलू लागली की हे क्रमांक मागेपुढे उड्या मारतात. शिवाय बीकनमधील मायक्रोसेकंदांच्या घड्याळाची चाल प्रत्येक उपकरणात किंचित वेगळी असते. या चालीवरून तोतया ओळखता येतो, असे अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये विमानात तोतया वाय-फाय चालविल्याच्या आरोपाखाली एका व्यक्तीवर गुन्हा दाखल झाला. तेथे मात्र संशय प्रथम आला तो विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना!

ग्राहक-उपकरणांची ओळख तर याहून कठीण झाली आहे. अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून भ्रमणध्वनी यादृच्छिक पत्ते वापरतात. परिणामी पत्त्यांच्या यादीवर विसंबणारी सुरक्षा आता फारशी उपयोगाची नाही. प्रत्येक उपकरणास डिजिटल प्रमाणपत्र देणे हाच विश्वसनीय मार्ग उरतो.

प्रतिबंधाची मर्यादा :
घुसखोर सापडताच त्याच्याशी जोडलेल्यांना संपर्क तोडण्याचे बनावट संदेश पाठविण्याची सोय अनेक प्रणालींत असते. ती जपूनच वापरावी. नॅशव्हिल येथील एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट अशाच रीतीने बंद पाडल्याच्या प्रकरणी मॅरियट कंपनीस २०१४ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या चौकशीअंती सहा लाख डॉलर भरावे लागले. शेजाऱ्यास घुसखोर समजणे हा असा कायदेशीर प्रश्न होऊ शकतो. तसेच डब्ल्यूपीए३ मध्ये व्यवस्थापन-संदेशांचे संरक्षण अनिवार्य असल्याने ही युक्ती तेथे चालतही नाही. त्यापेक्षा संबंधित स्विचचा पोर्ट बंद करणे अधिक योग्य होय. त्यानंतर तीन-चार संवेदकांकडील संकेत-तीव्रतेवरून खोलीचा अंदाज बांधता येतो. भिंती व लोखंडी कपाटे यांमुळे त्यात काही मीटरांची चूक राहते, म्हणून हातात मापक घेऊन त्या टेबलापर्यंत चालत जावेच लागते.