चाकांवरच्या घराची हत्यारपेटी

अमेरिकेत अनेक कुटुंबे 'आरव्ही'त, म्हणजे चाकांवरच्या घरात, बारा महिने राहतात. तिथे सामानाचा प्रत्येक किलो टायरवर पडतो. सगळी हत्यारे नेता येत नाहीत. मग निवडायचे कसे? ज्या बिघाडाने घरच्यांच्या जिवाला धोका होईल किंवा गाडी वाटेत अडेल, त्याचे हत्यार आधी. टायरची हवा मोजायला गेज, चाकाचे नट ठरावीक जोराने आवळायला टॉर्क पाना, १२ व्होल्टची बॅटरी व वायरिंग तपासायला मल्टिमीटर, गॅसगळती शोधायला साबणाचे पाणी. तिथल्या गाड्यांत चौकोनी खाचेचे स्क्रू बरेच असतात. तसा स्क्रू-ड्रायव्हर हवाच. करवत राहिली तरी चालेल. ती शेजाऱ्याकडे मागता येते. पेटी कुठे ठेवली आहे, हे मात्र मुलाबाळांसह सर्वांना ठाऊक असावे.