कोप आणि कृपा: ख्रिस्ती श्रद्धेतील एक अवघड जोडी

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या गावांत आभाळ कोरडे गेले, की देवाचा कोप झाला असे सहज बोलले जाते, आणि ख्रिस्ती घरातल्या श्रद्धावंतालाही हा प्रश्न चुकत नाही. कारण ज्या बायबलात देव मंदक्रोध आणि दयाळू म्हटला आहे, त्याच बायबलात त्याच्या क्रोधाचीही पानोपानी नोंद आहे.

या दोहोंची फारकत करण्याचा प्रयत्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने जुन्या करारातील, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातील, कोपिष्ट देव निराळा आणि येशूचा दयाळू पिता निराळा, असे मांडले. रोमच्या मंडळीने ते नाकारून त्याला बहिष्कृत केले. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि जो चांगल्यावर प्रेम करतो त्याला वाइटाची चीड येणारच, असा युक्तिवाद केला. या युक्तिवादाचे बळ मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रपर ग्रंथात, डोळ्यांसमोर उभे राहते: शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी सभास्थानात वाळल्या हाताचा एक माणूस असतो, त्याला बरे केल्यास नियम मोडला असा ठपका ठेवण्यासाठी काही जण टपलेले असतात, येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो, त्यांच्या कठोर मनांमुळे खिन्नही होतो, आणि त्याच क्षणी त्या माणसाला हात पुढे करायला सांगून बरा करतो. राग, दुःख आणि उपकार येथे एकाच कृतीत गुंफलेले आहेत. त्यामुळे कोप म्हणजे देवाची लहर आणि कृपा म्हणजे ती लहर ओसरणे, हे आकलन अपुरे ठरते.

मात्र भुकेल्याची भूक हीच त्याला झालेली शिक्षा मानणे, हा या शिकवणीचा सर्वांत क्रूर गैरवापर होय. यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नाला येशूने स्पष्ट नकार दिला, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची, म्हणजे आयुष्याची दिशा बदलण्याची, हाक दिली.

महाराष्ट्रात कोप आणि कृपेची ही जोडी समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात फार जवळून पाहता येते. दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने देवांना प्रसन्न करण्यासाठी उपासतापास आणि दानधर्म केले, तरी आईवडील आणि बहीण गेली. 1883 साली इंग्लंडमध्ये असताना लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना भगिनी, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रिया, मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या आणि असे करण्यामागचे कारण विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना बायबलातील येशू आणि शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या, स्त्रीची भेट वाचून दाखवली. समाजाने धिक्कारलेल्या स्त्रीशी येशू आपण होऊन बोलतो, तिचे आयुष्य झाकत नाही आणि तिला झिडकारतही नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली.

पुढे 1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे फसवल्या गेलेल्या आणि लोकांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर काढले गेले, त्याचे नाव कृपासदन.