एडमंड खरंच एवढा वाईट होता का?

'नार्निया'चा पहिला भाग हॉस्टेलमध्ये बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तो एडमंड काय यार, मिठाईसाठी सख्ख्या भावंडांना विकतो!" मला मात्र हा सिनेमा एडमंडचाच वाटतो. का, ते सांगतो.

सी. एस. लुईस यांचं मूळ पुस्तक १९५० सालचं, अँड्र्यू अॅडमसन यांचा सिनेमा २००५ चा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडतात म्हणून पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी या भावंडांना गावाकडे एका प्रोफेसरांच्या घरी पाठवतात. तिथल्या कपाटातून ती नार्नियात पोचतात. तिथे एका चेटकिणीने शंभर वर्षं हिवाळा लादलेला असतो. ती एडमंडला टर्किश डिलाइट खायला घालते आणि भावंडांना घेऊन यायला सांगते.

टर्किश डिलाइट म्हणजे साखर आणि स्टार्च शिजवून केलेल्या, पिठीसाखरेत घोळवलेल्या वड्या. आपल्या कराची हलव्याच्या नात्यातल्याच म्हणा ना. एवढ्याशा वडीसाठी गद्दारी? पण साल बघा. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं आणि १९५३ पर्यंत चाललं. पुस्तक आलं तेव्हा ते वाचणाऱ्या पोरांनाही मिठाई मोजूनमापूनच मिळत होती. एडमंडचा मोह त्यांना वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय पुस्तकातली मिठाई मंतरलेली आहे. खाल तितकी हाव वाढते.

पण आपल्याला रेशनिंग माहीत नाही. मग सिनेमाने काय केलं? सुरुवातच बदलली. पुस्तकात हवाई हल्ल्यांचा नुसता उल्लेख आहे, सिनेमा थेट हल्ल्यानेच सुरू होतो. सगळे खंदकाकडे पळत असताना एडमंड उलटा घरात धावतो. कशासाठी? लढाईवर गेलेल्या वडिलांच्या फोटोसाठी! पीटर त्याला ओढत परत आणतो आणि वर सगळ्यांदेखत झापतो. पुस्तकात एडमंड बिघडला त्याला कारण त्याची शाळा आहे, सिनेमात ते घरात आलं. वडील जवळ नाहीत आणि मोठा भाऊ सतत रागावतोय. अशा पोराला कुणी गोड बोलून जवळ बसवलं, "तू राजा होशील" म्हटलं, तर तो भुलणारच.

म्हणून त्याची चूक माफ होते असं नाही. अस्लान या सिंहाला त्याच्या बदल्यात स्वतःचा जीव द्यावा लागतो, म्हणजे किंमत पुरेपूर मोजली जाते. पुढे युद्धात एडमंडच जिवावर उदार होऊन चेटकिणीची छडी तोडतो. पुस्तकात हे आपल्याला नंतर पीटरच्या तोंडून कळतं, सिनेमात डोळ्यांसमोर घडतं.

आणि एक गोष्ट पुस्तकात आहे, सिनेमानेही जपली आहे. एडमंड कुठे आहे असं अस्लान विचारतो, तेव्हा पीटर आपलाही दोष कबूल करतो. आपण त्याच्याशी फार कडक वागलो, हे त्याला कळलेलं असतं. विंगमधला एखादा ग्रुप सोडून जातो, तेव्हा आपण 'गद्दार' म्हणून मोकळे होतो. त्याला कुणी किती झापलं होतं, याचा हिशोब कोण ठेवतो?

तर मित्रांनो, सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा एडमंडला शिव्या जरूर घाला, पण एक डोळा पीटरवरही ठेवा.