गुणू की भागू?

गणिताच्या तासाला उदाहरण घातले, की पुष्कळ मुले विचारतात, “गुरुजी, गुणायचे की भागायचे?” शिक्षकाने ते सांगून टाकले, की मुलांना विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर टॉवेल विणतात. त्या मागाला उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक मूळ विणीसाठी, दुसरा टॉवेलावरील बारीक फासांसाठी. “एक बीम का पुरत नाही?” एवढेच विचारून शिक्षकाने गप्प बसावे. (हे गप्प बसणेच कठीण!) मुले तर्क करतील, चुकतील. मग कोणी जुन्या टॉवेलाचा वीतभर तुकडा उसवील. साधा उभा धागा वीतभरच भरतो. फासांचा सरळ केला, की कित्येक पट लांब! तो चार विती भरला असे समजा. म्हणजे एका बीमवरून १०० मीटर धागा सुटेल, तेव्हा दुसऱ्यावरून ४०० मीटर सुटला पाहिजे. येथे गुणावे, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) असेच एक चित्र आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी असलेल्या बिळाकडे २७ हातांवरून साप येत आहे. मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? प्रथम आकृती काढून पाहा.