बंदरात बसलेली महाराणी

कॅलिफोर्नियाच्या लाँग बीच बंदरात १,०१९ फूट लांबीची एक इमारत पाण्यात उभी आहे. हो, इमारतच! बॉयलर काढून घेतल्यावर अमेरिकेच्या तटरक्षक दलानं ‘क्वीन मेरी’ला जहाज मानायचंच सोडून दिलं.

हिच्या मागे साडेसाती जन्मापासूनच. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी सांगाडा उभा राहत होता, तोच मंदी आली आणि डिसेंबर १९३१ मध्ये काम ठप्प झालं. दोन वर्षांहून जास्त काळ ती नुसती ‘नंबर ५३४’ म्हणून गंजत पडली. शेवटी सरकारनं कर्ज दिलं, पण अट घालून: तिच्या मालक कुनार्ड कंपनीनं ‘टायटॅनिक’वाल्या व्हाइट स्टारशी संसार थाटायचा! नावाचाही घोळच. ‘क्वीन मेरी’ नावाची एक छोटी बोट क्लाइडवर आधीपासून फिरत होती. थोरली असूनही त्या बिचारीला ‘क्वीन मेरी दुसरी’ व्हावं लागलं.

१९३६ मध्ये पहिली सफर निघाली. जेवणाच्या दालनात भिंतभर अटलांटिकचा नकाशा होता आणि त्यावर स्फटिकाचं इवलंसं जहाज सरकायचं. सूप पिता पिता मान वर केली की आपण कुठवर आलो ते कळायचं.

मग युद्ध आलं. राखाडी रंग फासून महाराणी सैन्यात भरती. जुलै १९४३ च्या एका फेरीत तिच्यावर तब्बल १६,६८३ माणसं होती. बंक कमी पडायचे, म्हणून झोपही पाळीपाळीनं! चर्चिलसाहेबही यायचे, पण ‘कर्नल वॉर्डन’ या नावानं. १९४२ च्या ऑक्टोबरात मात्र तिनं आपल्याच रक्षक युद्धनौकेला मधोमध चिरलं. तीनशेहून जास्त नौसैनिक बुडाले. पाणबुड्यांच्या भीतीनं थांबायची मनाई होती, ती पुढे निघून गेली. दोनच महिन्यांनी एका प्रचंड लाटेनं तिला ५२ अंशांत कलवलं. ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ या कादंबरीचं बीज तिथलंच.

१९६७ मध्ये लाँग बीच शहरानं तिला ३४.५ लाख डॉलरना घेतलं. पनामा कालव्यात ती मावेना, म्हणून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून आली, तोही लंडनच्या दोन डबलडेकर बस अंगावर घेऊन! १९७२ पासून तिच्यात हॉटेल आहे. भुतांची टूर अर्थातच आहे, जुन्या हॉटेलाला भूत नसेल तर कसं चालेल?

मला विचाराल तर भुतं सोडा, प्रोपेलर बघा. चारांतला एकच ठेवलाय. जहाजाच्या कुशीला लावलेल्या पेटीतून खाली वाकलं की हिरव्या पाण्यात तो दिसतो, स्वस्थ.