हळू चालणारी गाडी आणि क्लचवरचा पाय



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस जितका शेतात असतो तितकाच रस्त्यावरही असतो, आणि काट्यापुढच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास इंच इंच सरकत असतात. शिवाय आपले कार्यक्षेत्र पडले घाटमाथ्यावर. भाजीची पिकअप कल्याणला न्यायची तर माळशेज घाट उतरून मुरबाड तालुक्यातून जावे लागते. शहापूरकडे जायचे तर कसारा घाट. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या यात्रेतला बैलबाजार गाठायला म्हशाला जाणारी मंडळीही कमी नाहीत. या सर्व ठिकाणी गाडी वेगात नसते, हळू असते. आणि गाडी हळू असतानाच क्लच जळतो, इंजिन बंद पडते आणि उतारावर गाडी हाताबाहेर जाते. म्हणून हातगिअरच्या गाडीत हळू चालताना आत नेमके काय घडते, ते समजून घेऊ.

इंजिन बंद का पडते?

मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. उरलेला वेळ फ्लायव्हील नावाचे जड चाक आपल्या गतीवर इंजिन फिरवत नेते. जात्याचे तसेच आहे. एकदा गती आली की हात सैल पडला तरी जाते फिरते, पण फारच हळू ओढू लागलो की मध्येच अडते. इंजिनालाही अशी एक किमान गती लागते. मोटारीत ती साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असते. पाय ॲक्सिलेटरवर नसताना इंजिन जे फिरत राहते ती हीच गती. मेकॅनिक तिला आयडलिंग म्हणतात. फेरे याच्या बरेच खाली गेले की फ्लायव्हीलचा जोर पुरत नाही, इंजिन हिसके देते आणि मरते.

चाकाला मात्र अशी अट नाही. चाक शून्यावर उभे राहू शकते, इंजिन राहू शकत नाही. या दोघांचा मेळ घालण्यासाठी मध्ये क्लच आणि गिअर आहेत.

कोणत्या गिअरमध्ये किती हळू?

पहिल्या गिअरमध्ये इंजिन साधारण चौदा वेळा फिरते तेव्हा मोटारीचे चाक एकदा फिरते. म्हणजे इंजिनाचे ८०० फेरे झाले तर चाकाचे ५७. चाकाचा घेर १.९ मीटर धरला, तर मिनिटाला सुमारे १०८ मीटर, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर. माणसाच्या झपझप चालण्याइतका हा वेग झाला. याच हिशेबाने दुसऱ्या गिअरमध्ये ताशी अकरा आणि तिसऱ्यात सोळा किलोमीटरच्या आसपास वेग येतो. गाडीगाडीप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण हिशेब हाच.

आता बघा, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताशी दहाने ओढली तर काय होईल? इंजिनाला त्याच्या किमान गतीच्या खाली फिरावे लागेल. ते थरथरते, ठोके देते. अशा वेळी ॲक्सिलेटर जोरात दाबून उपयोग नाही. खालचा गिअर टाकणे हाच उपाय.

डिझेल गाडी आणि ट्रॅक्टर यांत एक सोय असते. पंपावरचा गव्हर्नर फेरे कमी होऊ लागताच आपोआप थोडे जास्त डिझेल सोडतो. म्हणून सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढला आणि ॲक्सिलेटरला हात लावला नाही, तरी गाडी आपली शांतपणे चालत राहते. नव्या पेट्रोल गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत असे काही नसे, म्हणून ती अशा वेळी लगेच मरत असे.

हाफ क्लच म्हणजे काय?

पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झालेला पाहिला असेल. इंजिन फिरते, जाते अडखळते, मध्ये पट्टा घसरतो आणि जळका वास येतो. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे हाच घसरणारा पट्टा. इंजिनाची चकती एका गतीने फिरते, गिअरकडची दुसऱ्या गतीने, आणि दोन्ही एकमेकींवर घासतात. गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद हे व्हायलाच हवे, त्याशिवाय गाडी हलणार नाही. पण हीच स्थिती मिनिटभर टिकवली की प्लेट तापते, तिचे अस्तर झिजते आणि पुढे ओझ्याला क्लच घसरू लागतो.

काट्याच्या रांगेत नेमके हेच चालते. पुढची ट्रॉली चार हात सरकली की मागचा हाफ क्लचवर चार हात सरकतो. असे रात्रभर. त्यापेक्षा पुढे एका ट्रॉलीइतकी जागा मोकळी होऊ द्यावी, मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून एकदाच पुढे जावे. थांबल्यावर न्यूट्रल करावे, ब्रेक लावावा आणि पाय क्लचवरून काढावा. नुसता पाय टेकवून ठेवला तरी आतले बेअरिंग फुकट फिरून झिजते.

थांबा लांबणार असेल तर इंजिन बंदच करावे. उभ्या जागी इंजिन त्याच्या आकाराप्रमाणे तासाला अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत डिझेल पिते, आणि थंड चालल्याने काजळी धरते ती वेगळीच. मात्र टर्बोचे इंजिन घाट चढून आले असेल तर बंद करण्यापूर्वी एखादे मिनिट तसेच चालू द्यावे.

चढावर थांबल्यास

माळशेजला धुके उतरते, पावसाळ्यात कधी दरड येते, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या वाटेतच उभ्या राहतात. अशा वेळी चढावर थांबावे लागते. पुष्कळजण ब्रेक न लावता हाफ क्लच आणि थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरतात. पाहणाऱ्याला ते कसब वाटते. खरे तर त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद क्लच जाळण्यात जात असते.

योग्य रीत अशी : हँडब्रेक ओढावा. पहिला गिअर टाकावा. थोडी रेस देऊन क्लच हळू सोडावा. गाडीचे नाक किंचित उचलले, इंजिनाचा आवाज जड झाला, की क्लचने ओझे घेतले असे समजावे. मग हँडब्रेक सोडावा. गाडी मागे येत नाही. ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली असेल तर क्लच एकदम सोडू नये, पुढची चाके उचलण्याचा धोका असतो. चढावर चाकामागे लाकडी ठोकळा लावावा. दगड लावला असेल तर निघताना तो बाजूला टाकल्याशिवाय जाऊ नये. आपला दगड रात्री दुसऱ्याच्या मोटारसायकलखाली येतो.

उतारावर न्यूट्रल : सर्वांत महाग बचत

आता मुख्य मुद्दा. घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, अशी समजूत अजूनही आहे. काहीजण तर इंजिनच बंद करतात. ही समजूत चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलेटरवर नसताना, उतार स्वतः इंजिन फिरवत असतो. फेरे किमान गतीच्या वर असेपर्यंत इंजेक्शनच्या इंजिनाला त्या वेळी डिझेल जवळजवळ जातच नाही. उलट न्यूट्रल केल्यास इंजिन जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत तर नाहीच, वर जिवाचा धोका.

धोका कसा, ते हिशेबाने पाहू. अडीच टनांची भरलेली पिकअप १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेने सात-आठ लिटर थंड पाण्याला उकळी येईल. आणि घाट काही १०० मीटरचा नसतो. गिअरमध्ये असताना यातला मोठा भाग इंजिन अडवून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, लायनिंगची पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळले तर पायडल नुसतेच खाली जाते. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदतयंत्रणा संपते, पायडल दगडासारखे घट्ट होते, पॉवर स्टिअरिंगही जड होते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तर उतारावर क्लच दाबणे हेच न्यूट्रल करण्यासारखे आहे. मागून ट्रॉली ढकलते, वेग वाढतो, आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत पुन्हा खालचा गिअर पडतच नाही. म्हणून गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच ठरवावा. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पायडल रस्त्यावर एकत्र जोडलेले असावेत, हेही पाहावे.

रेल्वेकडे पाहा. कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. तेथे चढताना गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात. आणि उतरताना आजची विजेची इंजिने आपल्याच मोटारींना जनरेटर करून गाडी अडवतात. एवढी मोठी रेल्वेसुद्धा घाटात केवळ ब्रेकवर विसंबत नाही, तर आपण का विसंबावे?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून मोटारींना कसारा घाट टाळून जाता येते. पण ट्रॅक्टर आणि दुचाकी यांना त्या रस्त्यावर परवानगी नाही. आणि माळशेजला तर दुसरी वाट नाहीच.

थोडक्यात

१. गाडी उभी धरणे हे ब्रेकचे काम, हळू चालवणे गिअरचे. क्लचचे काम जोडणे आणि तोडणे एवढेच.
२. थांबताना आधी ब्रेक, क्लच अगदी शेवटी.
३. उतारावर न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही.
४. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे.

गाडी बहुधा मालक चालवत नाही, घरातला पोरगा किंवा ठेवलेला ड्रायव्हर चालवतो. तेव्हा हे पान त्याला वाचून दाखवावे. प्लेट जळली तर नवी बसवता येते. घाटात गेलेला माणूस कोणत्याही दुकानात मिळत नाही. सर्वांचा हंगाम सुखरूप पार पडो.

— ऊस विकास अधिकारी